एका लिटरात बारवीपर्यंत

बार्शीला परत येऊन आठवडा झाला. भेटेल तो विचारतो, मुंबईकडे जाऊन काय पाहिलंत? समुद्र? मी म्हणतो, समुद्र नाही, मी एक लिटर पेट्रोल पाहिलं. काचेच्या मापात ओतलेलं, उजेडासमोर धरलेलं, दोन्ही बाजूंनी. ज्यांनी नुसता समुद्र पाहिलाय त्यांनी माझ्यापुढे बढाया मारू नयेत.

आमच्या गावी पेट्रोलशी वागायची रीत वेगळी आहे. रस्त्यापलीकडच्या टपरीवर जायचं तरी आम्ही मोटारसायकल काढतो, टपरीपुढे ती चालूच ठेवतो, पान लावून घेतो आणि पेट्रोल किती महाग झालं यावर अर्धा तास बोलतो. गाडी खाली फटफटत ऐकत असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मात्र पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून माणसं टाकीकडे, आमच्याकडे मे महिन्यात टँकरकडे बघतात तशी बघतात. तिकडे गाडी चालवणं ही साधी गोष्ट आहे. गाडी न चालवता पुढे जाणं, ही खरी विद्या. त्या विद्येच्या थोर उपासकामागे बसून मी अर्धा दिवस प्रवास केला, त्याची ही हकिकत. यातला एकही शब्द खोटा नाही. दोन-चार आकडे थोडे फुगले असतील, तर ते तिकडच्या दमट हवेने.

खरवई, शुक्रवार

माझी थोरली बहीण बदलापूरला खरवईत राहते. काही वर्षांपूर्वी तिथे भाताची खाचरं होती, आता सात-सात मजली इमारती उगवल्यात आणि प्रत्येकीला परदेशातल्या बागेचं नाव आहे. पंधरा दिवसांपूर्वी ताईचा फोन आला.

"दिलीप, ये बाबा. घरात स्कूटरी दोन आणि पार्किंग एक. बापलेक आठ दिवस झाले एकमेकांशी बोलत नाहीत."

बाप म्हणजे आमचे दाजी, वसंतराव. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. सहीशिवाय त्यांनी एक वॉशरसुद्धा दाराबाहेर जाऊ दिला नाही, असं म्हणतात. त्यांची स्कूटर जुनी, गिअरची, किक मारायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारी. वयाने ती त्यांच्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि घरात तिला तसाच मान आहे.

मुलगी म्हणजे माझी भाची मंजिरी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनी तिला दुसऱ्या पाळीची इनचार्ज करायला निघाली होती. होय की नाही ते सोमवारी सांगायचं. आता गंमत अशी की दुसरी पाळी सुटते तेव्हा शेअर रिक्षावाला चौथी सीट मिळेपर्यंत जागचा हलत नाही, आणि त्या वेळेला चौथी सीट जन्माला आलेली नसते. म्हणून मंजिरीने स्वतःच्या पैशाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पण तिला चार्जिंग लागतं. प्लग आहे तो इमारतीखालच्या पार्किंगच्या खांबावर. एका फ्लॅटला एकच जागा, आणि त्या जागेवर दाजींची म्हातारी उभी.

आठ दिवस मंजिरीने तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडून गाडी चार्ज केली. गाडी चार्ज होत असताना मिक्सर लावला की फ्यूज उडायचा, म्हणून ताई आठ दिवस चटण्या खलबत्त्यात कुटत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने वायर सोमवारच्या आत काढायला सांगितली होती. थोडक्यात काय, सोमवारी पार्किंग मिळालं तर मंजिरी इनचार्ज. नाही मिळालं तर पहिल्याच पाळीत परीक्षानळ्या धुणार.

मी पोचलो तेव्हा जेवणं चालली होती. बापलेक समोरासमोर बसून ताईमार्फत बोलत होते.

"तिला सांग," दाजी ताईला म्हणाले, "खेळणं कुठेही उभं राहतं. माझी गाडी रस्त्यावर उभी राहणार नाही."

"त्यांना सांग," मंजिरी म्हणाली, "त्या गाडीला पेट्रोल पाजता पाजता पेन्शन संपेल."

इथे दाजी दुखावले. त्यांच्या चारित्र्यावर कोणी काहीही बोलावं, अ‍ॅव्हरेजवर बोललेलं त्यांना चालत नाही. घास ताटात ठेवून म्हणाले, "तिला सांग, तिची गाडी एका चार्जिंगमध्ये जिथे मरेल, त्याच्या पुढे माझी एका लिटरात जाईल."

"त्यांना सांग, रविवारी. जो पुढे जाईल त्याचं पार्किंग."

"मान्य आहे म्हणून सांग."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बार्शीचा, म्हणजे तिऱ्हाईत, आणि वजन चौऱ्याण्णव किलो, म्हणजे कुठल्याही गाडीची परीक्षा घ्यायला पुरेसा. मला पंच नेमण्यात आलं. नंतर ताट उचलताना ताई माझ्या कानाशी आली.

"निकाल कुणाच्या बाजूने लागायला हवा ते कळतंय ना तुला?"

"ताई, पंच निःपक्षपाती असतो."

"असू दे. मग उद्यापासून जेवण बाहेरून मागव."

उल्हासनगर, शनिवार

शर्यतीची तयारी उल्हासनगरला करायची होती, कारण दाजींच्या स्कूटरला हात लावायची परवानगी पृथ्वीवर एकाच माणसाला आहे. घनश्यामभाई. कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतर सिंधी लोक वसले त्या वस्तीत, एका गल्लीत त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, चार हत्यारं आणि बाहेर फुटपाथभर पसरलेल्या उघड्या गाड्या.

दाजींच्या मागे बसून निघालो आणि पहिल्या उतारावर इंजिन बंद पडलं. मी म्हटलं, "दाजी, बंद पडली."

"पाडली," दाजी म्हणाले.

उतार दिसला की चावी बंद. खाली आलं की वेग असतानाच गिअर टाकून पुन्हा चालू. ज्याला मी आजवर सपाट रस्ता समजत होतो त्यात दाजींना सतरा उतार माहीत होते. ब्रेक ते मारतच नाहीत. पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेक मारून फुकट का घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. सिग्नल लाल असेल तर शंभर पावलं आधीपासून इतके हळू होतात की सिग्नलच कंटाळून हिरवा होतो.

उल्हासनगर मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ज्या सामानाला टेंपो लागतो ते तिथे स्कूटरवर जातं. जीन्सचे गठ्ठे, मिठाईचे ट्रे, सोफ्याचे हात एका स्कूटरवर आणि पाठ दुसरीवर. एका स्कूटरवर मागे बसलेल्या बाईने आरशाचं आख्खं कपाट धरलं होतं. त्या आरशात मला मीच दाजींमागे बसून समोरून येताना दिसलो आणि मी सवयीने हात जोडून नमस्कार केला. टेंपोचं भाडं डिझेलवर चढतं, असं घनश्यामभाईने नंतर समजावलं, आणि स्कूटर तर घरचीच आहे.

घनश्यामभाईने आधी दाल पकवान खायला घातलं. कुरकुरीत पापुद्र्याची मोठी पुरी, वर घट्ट चण्याची डाळ, कांदा, चिंचेची चटणी. बार्शीत असा नाश्ता झाला तर माणूस दुपारपर्यंत आडवा होतो. इथे आडवी झाली ती स्कूटर. दोघांनी तिला पेशंटसारखी जपून कुशीवर निजवली आणि टाकीतला थेंब न् थेंब काढून घेतला.

मग काचेचं माप आलं. एक लिटर. ते तिथेच भरून बूच लावून ठेवायचं आणि उद्या टाकीत ओतायचं. पण माप भरताना दाजी थांबले.

"ऑइल लिटरमध्ये धरायचं की वर?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी मंजिरीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, टाकीत जातं ना ते? मग धरायचं."

"तिला सांगा," दाजी म्हणाले, "जळण वेगळं, वंगण वेगळं. स्टोअरमध्ये रजिस्टरं वेगळी असतात."

मी घनश्यामभाईकडे पाहिलं. तो हात पुसत म्हणाला, "साईं, मी बोलू? तेल म्हणजे दवाई. दवाई को कोई खाना बोलता है क्या? पेशंट जेवला काय, गोळी घेतली काय, एक कसं होईल?"

मी ऑइल वर धरलं. हा माझा पंच म्हणून पहिला निकाल, आणि संध्याकाळी ताईने मला भात वाढताना डाव आखडता घेतला तो त्याचा परिणाम.

दाजींनी मग वजन कमी करायला घेतलं. स्टेपनी काढली. हत्यारांची पेटी, पायाखालची रबरी चटई आणि मागचा कॅरिअरही उतरवला. घनश्यामभाई विनोदाने म्हणाला, "काका, आता तुमचा मोबाइल पण ठेवा इथेच." दाजींनी गंभीरपणे मोबाइल काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवला. घड्याळही ठेवलं. कवळीला हात घातला तेव्हा मी पंच या नात्याने हस्तक्षेप केला.

संध्याकाळी मंजिरी तिची गाडी घेऊन आली आणि तिथेच चार्जिंगला लावली. दोन्ही स्कूटरी शेजारी शेजारी मुक्कामाला ठेवून आम्ही तिघं शेअर रिक्षाने बदलापूरला आलो. बापलेक मागे, मध्ये मी. रिक्षावाला अंबरनाथला गॅसच्या रांगेत लागला. पंपावरची ती रांग इतकी लांब होती की तिच्या शेपटाशी एकाने चहाची गाडी टाकली होती आणि त्याचा धंदा पंपापेक्षा बरा चालला होता.

अंबरनाथ ते कुळगाव, रविवार सकाळ

सकाळी सातला घनश्यामभाईने दाजींच्या टाकीत लिटर ओतला. माप उपडं धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही चौघं श्वास रोखून उभे होतो. मंजिरीची गाडी काट्यावर शंभर टक्के दाखवत होती. नियम ठरले: उल्हासनगरहून अंबरनाथ, कुळगाव, तिथून बारवी धरणाचा रस्ता धरून जिथवर जाईल तिथवर. पंचाने आळीपाळीने दोघांमागे बसायचं.

आळीपाळी कशी, हे दाजींनी ठरवलं. पहिला उतार आला तेव्हा मी त्यांच्यामागे होतो. इंजिन बंद करून स्कूटर अशी सुसाट निघाली की दाजींनी मागे वळून माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"दिलीपराव, उतारावर तुम्ही म्हणजे फुकटचं पेट्रोल आहात."

झालं. तेव्हापासून चढ आला की पंच मंजिरीकडे आणि उतार आला की पंच दाजींकडे. मी चढाच्या पायथ्याशी उतरायचो, उताराच्या माथ्यावर चढायचो. मंजिरीला डाव कळत होता. ती फक्त म्हणाली, "बसा मामा. बाबांना पंच पेलत नाही, मला पेलतो."

अंबरनाथला हजार वर्षांचं जुनं शिवमंदिर आहे, काळ्या दगडाचं. मला ते बघायची फार इच्छा होती. रस्त्यापासून आत जरासंच.

"दाजी, पाच मिनिटं थांबू."

"मंदिर हजार वर्षं थांबलंय, अजून थांबेल. गाडी थांबली तर किक मारावी लागेल."

म्हणून मी अंबरनाथच्या शिवाला चालत्या गाडीवरून, अंदाजाने दिशा धरून नमस्कार केला. चालत्या म्हणजे फार चालत्या नव्हे. एमआयडीसीच्या फाटकापाशी पाळीला निघालेल्या बायका मैत्रिणीच्या स्कूटरवर एकीमागे दोन बसून आमच्या पुढे गेल्या. एक दूधवाला सायकलवर गेला. कुळगावात वडापावच्या गाडीवरून मी न उतरता वडापाव घेतला. त्या माणसाने आमच्या शेजारून चालत चालत पाव चिरला, चटणी लावली, मिरची दिली आणि "काका, बिघडलीय का?" असं दाजींना आपुलकीने विचारलं. दाजींनी उत्तर दिलं नाही. बोलण्यात शक्ती जाते.

मंजिरी पुढे जाऊन कुठल्यातरी झाडाखाली थांबायची. तिने जाताना चार्जर डिकीत घेतला होता. ते पाहून दाजी मला म्हणाले होते, "बघा, ओझं नेतेय. रानात प्लग लावणार कुठे, सागाला?"

बारवीचा रस्ता

कुळगाव सोडलं आणि इमारती संपल्या. रस्ता डोंगराकडे वळला. भातकापणी चालली होती. शेतात पेंढ्या उभ्या आणि हवेत ओल्या काडाचा वास. आमच्याकडच्या ज्वारीला असा वास नाही, पण हे मी इथेच कबूल करतो, बार्शीत नाही. झाडी दाट होत गेली, मोबाइलची रेंज विरळ होत गेली आणि चढ लागला. अर्थातच मी मंजिरीच्या मागे.

त्या चढाबद्दल काय सांगू! हिमालयातला एखादा घाट रिटायर होऊन बदलापूरला स्थायिक झाला असावा, तसा तो चढ होता. मंजिरीच्या काट्यावर बारा टक्के होते. मग नऊ, मग पाच. पंधरा पावलांत मी मनातल्या मनात सगळे शनिवार उपास धरले. माथ्यावर एक ठाकरवाडी होती, दहा-बारा घरांची. तिच्या तोंडाशी येऊन गाडीने एक बारीक आवाज केला आणि ती गप्प झाली.

आम्ही उतरतोय तोवर मागून फटफट आली. दाजी! एकटे, हलके, अंगावर घड्याळसुद्धा नाही. त्यांनी मंजिरीकडे पाहिलं, बंद काट्याकडे पाहिलं.

"बाबा!" मंजिरीने आठ दिवसांत पहिल्यांदा थेट हाक मारली.

"थांबता येत नाही गं!" दाजी ओरडले. "थांबलो तर उचलायला पेट्रोल जातं!"

आणि पुढच्या उतारावर चावी बंद करून, आवाज न करता, वळणाआड नाहीसे झाले.

मंजिरी रस्त्याकडेच्या मोरीवर बसली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मामा, उद्या नाही म्हणून सांगते कंपनीला. सहा वर्षं झाली लॅबमध्ये. पुढच्या वेळी विचारतील न विचारतील."   

समोरच्या घरातून एक बाई आली. हिराबाई तिचं नाव, साठीची असेल, कमरेला विळा खोचलेला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गाडी मेली का गो बाय? आण हिकडं. घरात लाइट हाय, लाव."

दाजींनी म्हटल्याप्रमाणे सागाला प्लग नव्हता, पण हिराबाईच्या ओटीवर होता. मंजिरीने डिकीतून चार्जर काढला. हिराबाईने आम्हाला ओटीवर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे ठेवली. ती चटणी इतकी झणझणीत होती की त्या वाटीवर दाजींची स्कूटर मुरबाडपर्यंत गेली असती. खाता खाता मी सगळी हकिकत सांगितली. पार्किंग, पाळी, लिटर, ऑइल वर धरण्याचा निकाल.

हिराबाईने मन लावून ऐकलं. ती स्वतः आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन जीपने बदलापूरच्या बाजाराला जाते. पेट्रोल वाढलं की जीपवाला आधी जास्त माणसं कोंबतो आणि मग भाडं वाढवतो, तिला सगळं ठाऊक. ती म्हणाली, "म्हंजे तेल सपंल तवर जायाचा?"

"हो."

"आन मंग येयाचा कसा?"

मी भाकरीचा घास तसाच धरला. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा स्टोअरकीपर, लॅबमधली केमिस्ट, कॅम्पातला मेकॅनिक आणि बार्शीचा पंच, चार डोकी दोन दिवस खपली होती, आणि परत यायचं कसं हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. दाजी मोबाइलशिवाय, स्टेपनीशिवाय, मोजलेल्या एका लिटरावर रानात गेले होते.

मंजिरी हसायला लागली. इतकी हसली की हिराबाईने तिला आणखी पाणी दिलं.

दोन तास चार्जिंग झालं. हिराबाई पैसे घेईना, म्हणून मंजिरीने तिला बाजाराच्या दिवशी खरवईत घरी जेवायला बोलावलं. मग आम्ही दाजींना शोधायला निघालो.

ते पाच किलोमीटर पुढे सापडले. धरणाच्या पलीकडे, एका खेड्याच्या सुरुवातीला, झाडाखाली. स्कूटर कुशीवर निजवलेली. कुशीवर टाकली की तळाचा चुकार थेंब कामाला येतो, आणि त्या थेंबावर त्यांनी शेवटची चाळीस पावलं कमावली होती.

"मोजा!" हे त्यांचे पहिले शब्द. "पंच, मोजा!"

मी मोजलं. दाजी पाच किलोमीटर आणि चाळीस पावलांनी जिंकले होते. तिथून वीस पावलांवर एक किराण्याचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर फळीवर पेट्रोलने भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"दाजी, अहो, पेट्रोल तर इथेच आहे!"

"पंपापेक्षा जास्त घेतो," दाजी म्हणाले. "मी दोन तास बसलो. बसायला पैसे पडत नाहीत."

तोंड उन्हाने लाल झालं होतं. ओठ सुकले होते. पण बाटलीला हात लावला नव्हता.  मंजिरीने पिशवीतून हिराबाईने बांधून दिलेली भाकरी काढून दिली, ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. मग तिने आपली गाडी त्यांच्या स्कूटरच्या डाव्या अंगाला मागे उभी केली आणि म्हणाली, "बसा बाबा. पाय लावते."

पाय लावणं ही तिकडची रीत. सकाळी अंबरनाथला मी तीनदा पाहिली. कुणाचं पेट्रोल संपलं की मागून येणारा अनोळखी स्कूटरवाला न विचारता आपला उजवा पाय त्याच्या स्कूटरच्या फूटरेस्टला लावतो आणि पंपापर्यंत ढकलत नेतो. पुढच्याने फक्त हँडल सांभाळायचं. वेग मागच्याच्या मर्जीचा. पंप आला की पाय काढून तो निघून जातो, नाव-गाव काही नाही. आमच्याकडे अशा वेळी चौघं जमून सल्ला देतात.

दाजी हँडल धरून बसले. मी मंजिरीमागे. तिने पाय लावला आणि दोन्ही गाड्या निघाल्या.

सुरुवातीला दाजी लाकडासारखे ताठ बसले होते. हळूहळू त्यांच्या पाठीत फरक पडला. रस्ता बहुतेक उताराचा होता, झाडी मागे पळत होती, इंजिनचा आवाज नाही, धूर नाही, एक थेंब जळत नाही आणि किलोमीटरचा काटा पुढे सरकतोय. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला ते त्यांना बारवीच्या रस्त्यावर, मुलीच्या पायाने, मिळालं होतं. कुळगावात तो वडापाववाला ओरडला, "काका, शेवटी बिघडलीच ना!" आणि दाजींनी त्याला चक्क हात केला.

खरवई, संध्याकाळ

सोसायटीच्या फाटकातून आत आलो तेव्हा मंजिरीच्या काट्यावर फक्त तीन टक्के उरले होते. ताई खाली येऊन उभी होती. सेक्रेटरीही होता, वर वायर लोंबतेय का ते बघत. मंजिरीने दाजींची स्कूटर ढकलत थेट पार्किंगच्या जागेवर नेली आणि पाय काढला.

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई तर अशी बघत होती की मला रात्रीचं जेवण डोळ्यांसमोरून जाताना दिसलं. पण पंच म्हणजे पंच. मी सांगितलं, "दाजी जिंकले."

दाजींनी मान हलवली. ताईने कपाळाला हात लावला. मंजिरी चार्जर काढत शांतपणे म्हणाली, "मामा, पण अंतर अपुरं सांगताय तुम्ही. बाबांची गाडी अजून त्याच लिटरावर आहे. टाकीत दुसरा थेंब पडलेला नाही. उल्हासनगरपासून इथपर्यंत, जाऊन येऊन, सगळं एका लिटरातच धरायला हवं."

दाजींचे डोळे मोठे झाले. त्यांनी खाली वाकून आपल्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा वाचला. मनात भागाकार करायची गरजच नव्हती, एकाने भागायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आजवर लग्नात नवरदेवाच्या तोंडावरही पाहिलं नव्हतं.

"या पट्ट्यात कुणी काढलं नसेल असं अ‍ॅव्हरेज," मी म्हणालो.

"कुणीच नाही," मंजिरी म्हणाली. "फक्त एक आहे बाबा. उद्या दुसरा लिटर घातलात की दोनाने भागावं लागेल. मग पुन्हा होतं तिथेच."

दाजींनी स्कूटरच्या टाकीवर हात ठेवला. मग त्यांनी सेक्रेटरीला विचारलं, "लिफ्टला वजन किती चालतं?"

चौघांनी मिळून स्कूटर लिफ्टमध्ये उभी घातली. आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे, चकचकीत पुसलेली, टाकी कोरडी. ताईच्या तक्रारी चालू आहेत. कपडे वाळत घालायला हँडल बरं पडतं हेही ती कबूल करते. खांबाचा प्लग मंजिरीच्या गाडीला मिळाला. सोमवारी दुपारी ती पाळीला गेली, आणि जाण्याआधी कंपनीला होय म्हणाली.

बार्शीला निघताना मी दाजींना म्हणालो, "दाजी, पोरीने तुम्हाला गुंडाळलं हो."

दाजी स्कूटरच्या आरशावरची धूळ फडक्याने टिपत होते. मान वर न करता म्हणाले, "दिलीपराव, तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी. मला भागाकार शिकवू नका."